दुधातली ताकद

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच आणि मग बाबांना वाचून दाखव. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नको, पत्रच हवं, हा त्यांचा हट्ट मला मान्य आहे. पण मोठ्यानं वाचताना तू माझे तिखट शब्द गाळतेस, हेही मला ठाऊक आहे. या वेळी एकही गाळू नकोस.

एका वसतिगृहातल्या मुली आमच्या रुग्णालयात आल्या होत्या. जुलाब आणि ताप. बहुतेक जणी सलाईन घेऊन बऱ्या झाल्या, एक मागे राहिली. तिच्या रक्तात जंतू निघाला. तोच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायच्या फळीवर सापडला आणि तोच फ्रीजमधल्या कच्च्या कोंबडीत. म्हणजे कोंबडी कापली, फळी नुसती पुसली, त्यावर काकडी चिरली आणि ती काकडी पोरींनी खाल्ली. इतकं साधं.

आता पुढचं बाबांना सावकाश वाचून दाखव. आमच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो. त्यावर जंतू पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. सकाळी बघायचं. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तेवढ्या जागेत जंतू मेलेला असतो. त्या मुलीच्या बशीत एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं. टिकल्यांना चिकटून जंतू वाढला होता, जणू त्याला जेवायला वाढलं होतं!

शेवटी एक औषध उरलं. ते आम्ही कपाटात कुलपात ठेवतो, कारण त्यानं मूत्रपिंडं बिघडतात, आणि ते हातचं गेलं तर पुढे काहीच नाही. दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्याशिवाय कपाट उघडत नाही. त्यानं मुलगी वाचली. मूत्रपिंडं किती वाचली ते पुढे कळेल.

आपल्या पणजीच्या काळी बोटात काटा मोडून माणसं मरत होती. बाळंतिणी तापानं जात होत्या. त्या अंधारातून आपल्याला ज्यांनी बाहेर काढलं, ती ही औषधं. आणि माणसानं काय केलं? धडधाकट कोंबड्यांच्या घशात ती ओतली. जंतूंना आपण शिकवणी लावली आहे वहिनी, आणि फी आपली मुलं भरताहेत!

या महिन्याच्या अखेरीस अन्न सुरक्षेच्या समितीपुढे मला बोलायचं आहे. घरचाच व्यवसाय असून घरी न विचारता बोलू कशी? म्हणून विचारते. आपल्या शेडमध्ये कोंबड्यांना औषध देता का? हो की नाही, एवढंच सांग.

तुझी,
नणंद


१५ जानेवारी

वन्सं,

नाही. एका शब्दात मागितलंत, एका शब्दात दिलं. आता माझे शब्द ऐका.

तुमचं पत्र मी अक्षर न गाळता वाचलं. "शिकवणी लावली आहे"पाशी मामंजींनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "ही लहानपणी आरशासमोर भाषणं करायची, तेव्हाच मी आरसा काढून ठेवायला हवा होता." मग डोळे पुसले. तुमचं भाषण ऐकलं की त्यांना नेहमी असं होतं. तुम्ही नुसते पाढे म्हटलेत तरी रडतील.

आमच्या शेडमध्ये औषधाचा थेंब नाही. मी स्वतः बघते ना. तुमचे बंधुराज सकाळी गाडी घेऊन माल पोचवायला जातात, ते संध्याकाळी उगवतात. मध्ये सगळं माझ्यावर. पडदे वर-खाली करणं, पाण्याच्या नळ्या धुणं, खालचा भुसा ओला झाला की उचलणं. एखादी कोंबडी पंख टाकून कोपऱ्यात बसली, तर तिला वेगळी काढते. तिच्यासाठी औषध आणत नाही, तेवढं परवडत नाही. दोन वर्षांत औषधाची बाटली आमच्या शेडमध्ये आली नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी कोंबड्यांत रमले म्हणून माझी बहीण हसते. तिला म्हटलं, ऑफिसातही कलकलाटच होता, इथे निदान अंगावर वाढ तरी दिसते.

समितीत खुशाल सांगा की माझ्या वहिनीच्या शेडमध्ये औषध देत नाहीत. माझं नाव घ्या हवं तर.

मामंजी छान आहेत. साखर आटोक्यात आहे, गुडघेही कुरकुरत नाहीत. रोज सकाळी दुधात चिमूटभर ताकद घालून घेतात. आधी मी नको म्हणत होते, पण त्यांना मानवलेली दिसते. मागच्या अंगणात माझ्याआधी पोचतात आणि मला उशीर झाला म्हणून टोमणे मारतात. टोमणे मारायची तुमच्या घराण्याची रीत मी माहेरी सविस्तर कळवली आहे.

तुमची,
भावजय


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं "नाही" मी समितीपुढे ठणकावून सांगितलं! मोठ्या कंपन्यांचा एक माणूस म्हणत होता, खरा घोळ छोट्या शेडवाल्यांचा आहे, त्यांना शिस्त नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझी भावजय असा छोटा शेड चालवते. तिथे औषधाचा थेंब जात नाही. साहेब, आधी तुमचं आवार झाडा." टाळ्या पडल्या. घरी येऊन मी एकटीच हसत बसले होते.

बाबा ताकद घेतात हे फार चांगलं केलंस. आई आम्हाला अशीच दुधात घालून द्यायची. डबा संपत आला की कळव, इथे चॉकलेटच्या चवीची मिळते. त्यांना साखर चालत नाही, म्हणून बिनसाखरेची बघून पाठवीन.

ती मुलगी घरी गेली. मूत्रपिंडं अर्धीच काम करतात. तिची आई जाताना मला म्हणाली, "ती आता धावू शकेल ना?" मी सांगितलं, हळूहळू. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

कोंबडीची फळी आणि भाजीची फळी वेगळी ठेव. एवढं मात्र ऐकच.

तुझी,
नणंद


१८ मार्च

वन्सं,

हे पत्र मी मामंजींना वाचून दाखवणार नाही.

त्यांना लघवीला जळजळ व्हायला लागली आणि थंडी वाजून ताप भरला. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, ताप तसाच. मग दुसऱ्या दिल्या, त्यांनी उलट्या होतात. आता इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, म्हातारपण आणि साखर, वेळ लागेल. पण काल त्यांनी मला गेलेल्या सासूबाईंच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?

त्यांचा ताठा अजून तसाच आहे. "मुलीला कळवू नकोस, ती रुग्णालयासकट येईल," म्हणाले. म्हणून लपून लिहिते आहे. उद्या हे पत्र तातडीच्या टपालानं टाकते, ते पोचलं की तुम्हाला फोन करीन. फोनवर ते समोर असतील, आणि स्वतःबद्दलचं त्यांना बरोबर ऐकू येतं, त्यामुळे सगळं सांगता येणार नाही. मी फोनवर "हवा बदलायला आणतो" असं म्हटलं, तर समजा की त्यांना घेऊन गाडी निघाली आहे. तुमचे बंधुराज येतील. मला शेड सोडता येणार नाही, नवी पिल्लं कालच उतरली आहेत.

तुम्ही बघाल ना? तुमच्याकडे ते कपाट आहे ना?

भावजय


२५ मार्च

वहिनी,

हे दादाबरोबर पाठवते आहे. फोनवर मी "चालू आहेत उपचार" म्हणत राहिले. खरं काय आहे ते इथे लिहिते.

बाबांच्या लघवीत आणि रक्तात जंतू आहे. बशी मी स्वतः लावली. खरं तर लावायला नको होती, दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं, पण माझ्यानं राहवलं नाही. सकाळी बशी उचलून उजेडात धरली. कुठेही कडं नाही. कपाट उघडलं. दोन सह्या झाल्या, तिसरी मी मनात केली. त्या कपाटातल्या औषधाची परीक्षा बशीत होत नाही, नळ्यांत करावी लागते. औषध घातलेल्या पाण्यात जंतू सोडायचा. पाणी नितळ राहिलं तर औषध चालतं. बाबांच्या नळ्या गढूळ झाल्या. सगळ्या. शेवटची, सगळ्यात जास्त औषधाची, तीही.

मी म्हटलं, हे अशक्य आहे. हे औषध बाबांनी जन्मात घेतलेलं नाही. इथे ते कुलपात असतं. जंतू त्याला सरावेल कुठे?

काल बाबा शुद्धीवर होते. दादाला म्हणाले, "अंगात त्राण नाही रे, घरून माझी ताकद आण." दादानं आज ती आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बांधलेलं. मी म्हटलं, डबा कुठे आहे? दादा म्हणाला, "डबा कसला? पोतं आहे." मी पिशवी उघडली. फिकट पिवळी भुकटी, कसलाच वास नाही. विचारलं, हे काय आहे? दादा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच वेडी झाले आहे. "अगं, पिल्लांच्या पाण्यातली ताकद. वजन चांगलं येतं. बाबांना मानवली म्हणून ते पण घेतात."

मी पोत्यावरचं नाव विचारलं. त्यानं फोनवर तुझ्याकडून वाचून घेतलं. त्यात बारीक अक्षरात जे नाव आहे, वहिनी, तेच आमच्या कपाटावर लिहिलं आहे.

तेच औषध! इथे दोन सह्या आणि कुलूप. तिथे जिन्याखाली पोतं आणि त्यात मापाचा पेला.

समजावून सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या डोक्यात ते थांबत नाही. पिल्लांना रोज थोडं थोडं दिलं. त्यांच्या पोटातले अशक्त जंतू मेले, दांडगे उरले. ते दांडगे तुमच्या हातांवर, फळीवर, ताटात आले. आणि बाबांच्या पोटात रोज सकाळी तीच चिमूट पडत होती, म्हणजे तिथेही त्यांच्यासाठीच जागा रिकामी होत होती. आपणच झाडून ठेवली, आपणच त्यांना बोलावलं.

तू शिकलेली आहेस ना ग? पोत्यावरचं एकदा वाचायचं नाहीस? मी तुला विचारलं होतं! सरळ विचारलं होतं, हो की नाही! तुझ्या "नाही"वर मी भर सभेत उभी राहिले!

मी हे खोडणार होते, पण खोडत नाही. तसं मला वाटतं आहे, आणि हेही वाटतं आहे की मीच तुला लिहिलं होतं, ताकद घेतात हे फार चांगलं केलंस.

नणंद


२६ मार्च

वन्सं,

तुमचे बंधुराज पत्र देऊन लगेच परत निघाले आहेत, म्हणून घाईत लिहिते.

तुम्ही "औषध" विचारलंत. आमच्याकडे औषध म्हणजे आजारी कोंबडीला देतात ते. ते आम्ही देत नाही, मी खरं तेच लिहिलं. ताकद ही ताकद असते. पिल्लं देणारा व्यापारी पिल्लांबरोबर देतो, खाद्याच्या पोत्याशेजारी उतरवतो. तो ताकदच म्हणतो, शेजारचे ताकदच म्हणतात, मी आले तेव्हा सासूबाईही ताकदच म्हणत होत्या. मीठ आहे तसं. मिठाच्या पुड्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचता का?

आणि मी तुम्हाला लिहिलं होतं, वन्सं. लपवलं नव्हतं. "चिमूटभर ताकद घालून घेतात," असं लिहिलं होतं. तुम्ही चॉकलेटची पाठवते म्हणालात. मला वाटलं, शहरात पिल्लांना चॉकलेटची देत असतील. मामंजी आणि मी त्यावर हसलो होतो.

भांडत नाही.

पोतं मी उघड्यावर टाकणार नाही, माती-पाण्यात गेलं तर तिथलेही जंतू सरावतील ना? तोंड शिवून ठेवलं आहे. कुठे द्यायचं ते सांगा. पाण्यात ताकद घालणं कालपासून बंद आहे. पिल्लं किरकिरी झाली आहेत, काही पडतीलही. भुसा रोज बदलते आहे, गर्दी कमी केली आहे. व्यापारी म्हणाला, तुमच्या कोंबड्या हलक्या भरतील. म्हटलं, भरू देत.

मामंजी माझ्याबद्दल विचारतात का? त्यांना सांगू नका की ती चिमूट मी घालत होते. त्यांना वाटतं, ते स्वतःच घालत होते. डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यांची चिमूट पेल्याबाहेर पडायची, म्हणून मी गुपचूप घालायची, आणि पेला त्यांच्या हातात द्यायची.

भावजय


३ एप्रिल

वहिनी,

बाबा गेले हे तुला फोनवर दादानं सांगितलंच. तू आलीस, तीन दिवस राहिलीस, आणि आपण दोघी एकाच खोलीत असून यावर एक शब्द बोललो नाही. म्हणून लिहिते.

शेवटी आम्ही त्यांच्या शिरेत तीन-तीन औषधं एकदम सोडली. एकही चालत नव्हतं, तीन मिळून चालतील, अशी आशा होती. वैद्यकशास्त्राच्या भाषेत त्याला वेगळं नाव आहे. साध्या भाषेत त्याला हात जोडणं म्हणतात. त्यांनी एकदा डोळे उघडले आणि म्हणाले, "ती आली का?" कोण, ते मी विचारलं नाही. तू असशील, आई असेल. मी "हो" म्हटलं.

निघताना तुम्ही दोघांनी दिलेले शौचाचे नमुने तपासले. दादाचा साफ आहे. तुझ्या पोटात तोच जंतू आहे. घाबरू नकोस. तू ठणठणीत आहेस आणि बहुधा तो आपण होऊन काही महिन्यांत निघून जाईल. औषध द्यायचं नाही, दिलं तर तोच माजेल. पण संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी हात साबणानं धुवायचे. कुठेही ऑपरेशनची किंवा टाक्यांची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना हे सांगायचं. मी चिठ्ठी करून देते, ती पर्समध्ये ठेव.

हे लिहिताना मला तुझा राग येत नाही, हे तुला कळायला हवं. मी आयुष्यभर व्यासपीठांवर ओरडले. माझा शब्द लोकांपर्यंत पोचतो, अशी मला घमेंड होती. माझ्या घरात, माझ्याच माणसापर्यंत, माझा एक शब्द पोचला नाही. मी "औषध" म्हटलं आणि तुम्ही तेच औषध वापरत असताना प्रामाणिकपणे "नाही" म्हणालात. असे किती शेड आहेत? किती जणांनी किती साहेबांना प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं असेल, आणि किती कागदांवर शून्य लिहून समाधानानं सह्या झाल्या असतील? माझ्या टाळ्यांची मला लाज वाटते.

पशुसंवर्धन खात्याचा अधिकारी तुमच्याकडे शेडवाल्यांची सभा घेणार आहे. तिथे बोलायला मला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून निघालेलं तिथे कुणाला कळणार नाही. तू जा किंवा जाऊ नकोस. तुझ्यावर मी काहीच लादत नाही.

नणंद


१९ एप्रिल

वन्सं,

गेले होते.

शाळेच्या मोठ्या खोलीत सभा होती. बाकं लहान मुलांची, सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलेले. आजूबाजूचे एकूण एक शेडवाले आले होते, कारण नाही आलं तर परवान्याला अडचण येईल असं कळवलं होतं. माझ्याशेजारी पलीकडच्या शेडची वहिनी बसली होती, पोटुशी. तिला सातवा आहे. मला म्हणाली, "तुमचे सासरे कशानं गेले हो?" मी म्हटलं, "ऐक, आत्ता सांगतीलच."

नाही सांगितलं. अधिकारी माणूस वाईट नव्हता. घसा बसेपर्यंत बोलला. जागतिक संकट, प्रतिजैविक, प्रतिरोध, अन्नसाखळी. पडद्यावर चित्रं होती. पंखा चालू होता. मागचे दोघं झोपले. मग त्यानं विचारलं, "आपल्यापैकी कोण कोण कोंबड्यांना प्रतिजैविकं देतात? प्रामाणिकपणे हात वर करा, कारवाई नाही, फक्त माहिती हवी आहे."

एकही हात वर गेला नाही. लोक खोटं बोलत नव्हते, वन्सं. मी त्यांचे चेहरे बघितले. जसा माझा होता, तसेच होते. अधिकाऱ्यानं मान डोलावली, लिहून घेतलं आणि म्हणाला, "उत्तम. हा परिसर आदर्श आहे."

मी उठले. बाकात पाय अडकला आणि बाक पडलं. त्यामुळे झोपलेले जागे झाले, ते बरं झालं. तुमच्यासारखं बोलता येत नाही मला. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मी विचारू का एक?" तो म्हणाला, विचारा.

मी लोकांकडे वळले आणि विचारलं, "ताकद कोण देतं?"

आधी हसले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, हा काय प्रश्न झाला? सगळेच देतात." कुणी म्हणालं, "ताकद नाही दिली तर पिल्लू उभं राहील का?" मी म्हटलं, "मग हात वर करा ना." गंमत म्हणून पहिला गेला. मग दुसरा. मग पटापट सगळे. पलीकडच्या वहिनीनंही केला, एक हात पोटावर ठेवून दुसरा वर.

मग मी सांगितलं. ताकद म्हणजे काय, पोत्यावर काय लिहिलंय, ते रुग्णालयात कुठे ठेवतात, मामंजी कशानं गेले, आणि तोच जंतू माझ्या पोटात आत्ता आहे, इथे तुमच्यासमोर उभी असताना.

अधिकाऱ्यानं पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. आणि वन्सं, हात कुणी खाली घेतले नाहीत. विसरले असतील, किंवा खाली घेतले तर पुढे काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळी खोली हात वर करून बसली होती, आणि माझाही हात वर होता.

तुमची,
भावजय